स्वस्त बेस, महाग बेस : किंमत नेमकी कशाची?

१९६१ साली हॅम्बुर्गमधल्या एका वाद्यांच्या दुकानातून पॉल मॅकार्टनीनं एक बेस गिटार विकत घेतली. वय अजून वीससुद्धा नव्हतं. बीटल्स तेव्हा त्या शहरातल्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवून पोट भरत होते. मॅकार्टनीला परवडण्यासारखे होते साधारण तीस पौंड. अमेरिकन फेंडर बेस शंभर पौंडांच्या आसपास जायचा, त्यामुळे तो विषयच नव्हता. त्यानं घेतली ती जर्मनीतल्या हॉफ्नर कंपनीची, व्हायोलिनच्या आकाराची ५००/१. दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे डावखुऱ्या माणसाच्या गळ्यातही ती उलटी वाटत नव्हती, हा वरचा फायदा.

म्हणजे बीटल्सच्या सुरुवातीच्या गाण्यांमधला तो गोलसर, लाकडी बेसचा आवाज आधी खिशानं ठरवला, कानांनी नंतर.

पुढे १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून ही गिटार चोरीला गेली. पन्नासेक वर्षांनी ती इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मालकाला परत मिळाल्याची बातमी जगभर फिरली. त्या तीस पौंडांच्या वाद्याचं आज मोल करायला कुणी धजणार नाही.

आता तुमच्या फोनवर एखादं ऑनलाइन दुकान उघडा. एक बेस वीसेक हजारांचा, दुसरा दोन लाखांचा. दोघांनाही चारच तारा. तारेची लांबी दोन्हीकडे तीच, ३४ इंच. लांबून पाहिलं तर आकारही तोच. मग दहापट किंमत कशाची? दुसरा दहापट चांगला वाजतो का? आणि पहिला घेणाऱ्यानं आयुष्यभर हळहळत राहायचं का?

याचं उत्तर दुकानदाराकडे अर्धंच असतं. उरलेलं अर्धं सत्तर वर्षांच्या इतिहासात आहे.

रेडिओ दुरुस्तीवाल्याचं डोकं

लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. पण वाजवणारे त्याच्या दुकानात यायचे आणि कुरकुर करायचे. त्यांतली एक कुरकुर बेसवाल्यांची होती. त्यांचं वाद्य म्हणजे माणसाहून उंच डबल बेस. गाडीत मावत नाही, प्रवासात फुटतं, आणि ढोल-ट्रम्पेट सुरू झाले की ऐकूही येत नाही. अमेरिकन वादक त्याला चिडून कुत्र्याचं घर म्हणायचे.

विजेवर चालणाऱ्या बेसचा प्रयत्न त्याआधीही झाला होता. सिएटलच्या पॉल टटमार्कनं १९३० च्या दशकातच फ्रेट असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा बेस बनवून विकला होता. तो चालला नाही. फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि तो चालला.

का चालला, हे पाहायचं तर वाद्य उलटं करून मागून बघा. मान आणि धड चार स्क्रूंनी जोडलेले. परंपरेनं गिटार बनवणारा कारागीर मान डिंकानं बसवतो, कोन तासून तासून जुळवतो, धडाला बाक देतो. त्यात दिवस जातात. फेंडरनं धड म्हणजे सपाट लाकडाची फळी केली. साच्यावरून कापली, खाचे पाडले, रंगवली. मान वेगळी बनवली. मग दोन्ही स्क्रूंनी आवळले. मान खराब झाली तर दुसरी लावा, संपलं. सूर अचूक लागावा म्हणून मानेवर फ्रेट बसवले. वाद्याच्या नावातला 'प्रिसिजन' तोच.

ही सगळी करामत एका गोष्टीसाठी होती: कारागिराचे तास वाचवणं. किंमत दोनशे डॉलरच्या आसपास राहिली. चैनीच्या कपाटात ठेवायचं हे वाद्य नव्हतं, कामावर न्यायचं अवजार होतं. लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये मंक माँटगोमेरीनं ते वाजवायला घेतलं आणि जॅझवाल्यांच्या भुवया उंचावल्या. ही तर फळी, हिला कोण वाद्य म्हणणार?

हे लक्षात ठेवू या. आज ज्याला आपण प्रीमियमचा मापदंड मानतो, तो फेंडर बेस त्याच्या जन्माच्या वेळी कारागिरीला फाटा देणारा, कारखान्यातला माल होता.

हार्डबोर्ड आणि लिपस्टिक

फेंडरपेक्षाही तास वाचवणारा माणूस न्यू जर्सीत बसला होता. नेथन डॅनियल आणि त्याची डॅनइलेक्ट्रो कंपनी. त्याच्या गिटारींचं धड म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्या पुढे-मागे चिकटवलेलं हार्डबोर्ड. हो, तेच, कपाटाच्या पाठीला मारतात ते. पिकअप लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांमध्ये बसवलेले. हा माल सिअर्स कंपनी 'सिल्व्हरटोन' नावानं आपल्या कॅटलॉगमधून घरोघरी विकायची. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलांची पहिली गिटार हीच.

पण गंमत पुढे आहे. १९५६ मध्ये डॅनइलेक्ट्रोनं सहा तारांचा बेस काढला. त्याचा आवाज कडक, टिकटिकणारा. नॅशव्हिलच्या स्टुडिओंना तो इतका भावला की डबल बेसच्या जोडीला हा बेस पिकनं, तारा हातानं दाबून वाजवायची पद्धतच पडली. तिला 'टिक-टॅक बेस' म्हणू लागले. हार्डबोर्डचा आवाज कुणी नाइलाजानं सोसत नव्हतं, पैसे देऊन मागत होतं.

लंडनच्या 'द हू' बँडचा जॉन एंट्विसल हा किस्सा स्वतः सांगायचा. 'माय जनरेशन' या १९६५ च्या गाण्यात त्याला बेसचा सोलो वाजवायचा होता, आणि त्यासाठी डॅनइलेक्ट्रोच्या बारीक तारांचा खणखणीत आवाज हवा होता. तार तुटली. तशा सुट्या तारा लंडनमध्ये मिळेनात. मग एका तारेसाठी नवा बेस घ्यावा लागला. पुन्हा तुटली, पुन्हा नवा. शेवटी कंटाळून त्यानं तो सोलो फेंडरच्या जॅझ बेसवर रेकॉर्ड केला. महागडा बेस ही त्याची दुसरी पसंती होती.

या किश्शात आणखी एक धडा आहे. स्वस्त वाद्याची खरी अडचण बहुतेक वेळा आवाजाची नसते. ते ऐन वेळी दगा देतं, आणि सुटे भाग मिळत नाहीत.

एक बोट, जुन्या तारा

डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीचा स्टुडिओ एका साध्या घराच्या तळमजल्याखाली होता. तिथे १९६० च्या दशकात जेम्स जेमर्सन रोज कामाला जायचा. त्याच्याकडे १९६२ चा प्रिसिजन बेस होता. दुकानात मिळतो तसाच, काही खास करून घेतलेला नाही. तारा जाड आणि गुळगुळीत, आणि तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत असा त्याचा शिरस्ता. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा. उजव्या हाताची फक्त तर्जनी. लोक त्या बोटाला 'हूक' म्हणायचे.

एवढ्या सामग्रीवर त्यानं बेसवादनाची भाषा बदलली. त्याआधी पॉप गाण्यातला बेस पाया धरून बसायचा. जेमर्सनचा बेस गाण्यातून फिरायला निघतो, मधल्या जागा भरतो, गायकाशी बोलतो. कंपनी मात्र वादकांची नावं रेकॉर्डवर छापत नव्हती. १९७१ मध्ये मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर जेमर्सनचं नाव आलं, तोवर त्याच्या बेसवर जग नाचून झालं होतं.

१९८३ मध्ये तो वारला. त्याच्या अगदी थोडे दिवस आधी तो बेस चोरीला गेला. अजून सापडलेला नाही.

त्या वर्षीचे प्रिसिजन बेस आज संग्राहक प्रचंड पैसे मोजून घेतात. त्यांच्यातलं लाकूड, वार्निश, चुंबक यांवर रात्री जागवल्या जातात. पण त्याच कारखान्यातून त्याच वर्षी निघालेले बाकीचे बेस जेमर्सनसारखे वाजले नाहीत. जुन्या वाद्याच्या चढ्या भावात बराचसा वाटा दुसऱ्या कुणीतरी केलेल्या रियाजाचा असतो.

महागाचा जन्म

फेंडरनं आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या माध्यम कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरना. पुढच्या दशकात विक्री वाढली आणि दर्जाबद्दलच्या तक्रारीही. १९७० च्या दशकाच्या मध्यात जॅझ बेसची मान चारऐवजी तीन स्क्रूंवर बसवायला सुरुवात झाली. धडं जड झाली. नाव मोठं, किंमत मोठी, आणि हातात आलेलं वाद्य कसं निघेल याचा भरवसा नाही.

याच सुमारास उत्तर कॅलिफोर्नियात उलट्या दिशेनं विचार करणारे लोक जमले. ग्रेटफुल डेड या बँडच्या ध्वनिव्यवस्थेवर काम करता करता १९६९ मध्ये अलेम्बिक नावाचा उद्योग उभा राहिला. तासांची काटकसर सोडली तर वाद्य किती चांगलं होईल, असा त्यांचा सवाल होता. वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या चिकटवून केलेली, धडातून आरपार जाणारी मान. पिकअपचा सिग्नल वाद्यातच बॅटरीवर सुधारणारं सर्किट. १९७२ मध्ये जेफरसन एअरप्लेनच्या जॅक कॅसडीसाठी त्यांनी पहिला बेस केला. पुढे स्टॅन्ली क्लार्कनं अलेम्बिक गळ्यात घालून बेसला बँडच्या पुढच्या रांगेत आणलं.

प्रीमियम बेस ही कल्पना इथून रुजली. १९८३ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये फोडेरा सुरू झाली, तीही याच वाटेनं. या वाद्यांची किंमत काही हजार डॉलर असते आणि ती सरळसरळ माणसांच्या तासांची असते. कुणीतरी अनुभवी माणूस ती मान हातानं तासतो, प्रत्येक फ्रेट घासतो, पुन्हा तपासतो.

लिओ फेंडर स्वतः मात्र कारखान्याचाच माणूस राहिला. १९७६ मध्ये म्युझिक मॅन या नव्या कंपनीतून त्यानं स्टिंगरे बेस आणला आणि बॅटरीवरचं सर्किट मोठ्या संख्येनं बनणाऱ्या बेसमध्ये बसवलं. चैनीची गोष्ट चार-पाच वर्षांत अवजाराच्या किमतीत आली.

नक्कल असलीहून सरस

दरम्यान जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला करत होते. मात्सुमोतो शहरातली फुजिगेन आणि हामामात्सुची तोकाई ही त्यांतली मोठी नावं. सुरुवातीला लोक हसले. १९७० च्या दशकाच्या शेवटी हसू थांबलं, कारण नक्कल असलीपेक्षा नीट जुळवलेली असायची आणि स्वस्तही.

१९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबानेझच्या अमेरिकन वितरकावर खटला भरला. मुद्दा फक्त गिटारीच्या डोक्याच्या आकाराचा होता, आणि तडजोडीनं मिटला. पण तेव्हापासून त्या काळातल्या कोणत्याही जपानी नकलेला विक्रेते 'लॉसूट' गिटार म्हणून भाव वाढवून सांगतात.

फेंडर कंपनीनं वेगळा मार्ग धरला. नक्कल करणाऱ्यांनाच कामाला लावलं. १९८२ मध्ये फेंडर जपान उभी राहिली आणि फुजिगेनच्या कारखान्यातून 'स्क्वायर' नावाची स्वस्त फेंडर बाहेर पडू लागली. स्क्वायर हे नाव मिशिगनमधल्या तारा बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचं, फेंडरनं ती कधीच विकत घेतलेली होती. अनुक्रमांकाआधी 'जेव्ही' अक्षरं असलेले ते पहिले स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात. बजेट म्हणून जन्मलेला माल पुन्हा एकदा दुर्मीळ झाला.

१९८५ मध्ये सीबीएसनं फेंडर कंपनी तिच्याच व्यवस्थापकांना सव्वा कोटी डॉलरना विकली. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या किमतीपेक्षा कमी. या व्यवहारात फुलर्टनचा कारखाना आलाच नाही. नव्या मालकांनी कोरोना गावात नवा कारखाना उभारेपर्यंत अमेरिकन फेंडरची भिस्त बरीचशी जपानी मालावर होती.

स्वस्त तास कुणाचे?

जपानमधली मजुरी वाढली तसं काम कोरियाकडे सरकलं, मग इंडोनेशिया आणि चीनकडे. त्याच काळात संगणकावर चालणारी कापणी यंत्रं आली. आज वीस हजारांच्या आणि दोन लाखांच्या बेसचं धड साधारण सारख्याच यंत्रावर, सारख्याच अचूकपणे कापलं जातं. म्हणून आजचा स्वस्त बेस हा १९६० च्या स्वस्त बेसपेक्षा कितीतरी चांगला आहे.

पण यंत्र सगळं करत नाही. फ्रेट घासणं, रंग चढवणं, पॉलिश करणं, जुळवणी करणं याला हात लागतातच. दक्षिण कोरियाची कॉर्ट कंपनी अनेक मोठ्या ब्रँडांसाठी गिटारी बनवायची. २००७ पासून तिनं तिथले कारखाने बंद करत उत्पादन परदेशात नेलं. कामावरून काढलेल्या कामगारांनी आंदोलन सुरू केलं, खटले लढवले, परदेशांतल्या वाद्यमेळ्यांत जाऊन गाऱ्हाणं मांडलं. त्यांच्यातल्या काहींनी स्वतःचा बँडही काढला. समझोता झाला २०१९ मध्ये. पहिल्या दिवशी जो तरुण कामगार होता, तो तोवर प्रौढ झालेला.

स्वस्त वाद्याची ही बाजू किमतीच्या पट्टीवर लिहिलेली नसते. लिओ फेंडरनं रचना बदलून तास कमी केले. त्याच्यानंतरच्यांनी बऱ्याचदा तास तेवढेच ठेवले, फक्त ते स्वस्तात विकत घेता येतील असा देश शोधला. हे माहीत असल्यानं स्वस्त बेस घेणं पाप होत नाही. पण भिंतीवर टांगलेलं ते वाद्य कुणाच्या तरी दिवसाच्या श्रमाचं आहे, एवढं लक्षात राहतं, आणि मग ते धूळ खात ठेवणं जरा जड जातं.

आपल्याकडे

मुंबईच्या सिनेसंगीतात बेस गिटार पोचली ती मोठ्या प्रमाणात गोव्याकडच्या वादकांच्या हातांतून. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ हे त्यांतलं मोठं नाव. १९९१ पूर्वी परदेशी वाद्य आणायचं म्हणजे परवाने आणि जबर जकात. त्यामुळे बजेट की प्रीमियम, हा प्रश्नच बहुतेकांपुढे नव्हता. जे हाती लागेल ते जपायचं, दुरुस्त करायचं, वाजवायचं. गिटार शिकणाऱ्यांचा हात तर कोलकात्याच्या गिवसनवर बसायचा. निवडीचा हा गोंधळ म्हणजे आपल्याकडे गेल्या तीसेक वर्षांत आलेली श्रीमंती आहे.

मग आज घ्यायचं काय?

महाग बेसमध्ये जास्तीचे पैसे कुठे जातात ते आता सांगता येतं. फ्रेटची टोकं गोल केलेली असतात, तळहाताला बोचत नाहीत. मान टिकाऊ लाकडाची, कधी आत कार्बनच्या सळया घातलेली, त्यामुळे पावसाळ्यातून उन्हाळ्यात जाताना कमी वाकते. खुंट्या ढिल्या पडत नाहीत, दोन गाण्यांनंतर सूर उतरत नाही. आतली वायरिंग नीट झाकलेली, म्हणून ट्यूबलाइटखाली गुणगुणत नाही. पाच तारांचा बेस असेल तर सगळ्यात जाड तारेचा सूर गढूळ होत नाही. रोज स्टेजवर किंवा स्टुडिओत उभं राहणाऱ्याला हे सगळं लागतं. त्याच्यासाठी ती चैन नाही.

पण यातलं बरंचसं काम स्वस्त बेसवर नंतरही करून घेता येतं. चांगल्या कारागिराकडून एकदा सेटअप करून घ्या. तो मानेतला रॉड जरासा फिरवेल, ब्रिजवर तारांची उंची उतरवेल, बाराव्या फ्रेटवर सूर तपासेल, बोचणारी टोकं कानशीनं घासेल. वर नव्या तारा. कारखान्यात वाचवलेले तास तुम्ही इथे, तुमच्याच शहरात, एका माणसाला पैसे देऊन परत भरता. यानंतरही मान सरळ होत नसेल, तर ते वाद्य घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. घेताना रंग नंतर बघा, आधी मानेवरून एक डोळा मिटून नजर टाका.

आवाजातला फरक उरतोच, नाही असं नाही. एकट्यानं खोलीत वाजवताना तो कळतो. ड्रम्स आणि दोन गिटारी सुरू झाल्या, की ऐकणाऱ्याला तो फारसा कळत नाही. त्याला कळतं ते ठोक्यावर बसलेला सूर आणि नको तिथे सोडलेली जागा.

या सत्तर वर्षांत किंमत कधी कारागिराच्या तासांची होती, कधी नावाची, कधी दुसऱ्याच्या आठवणींची. पहिला बेस घेणाऱ्यानं फक्त पहिल्या प्रकारचे पैसे मोजावेत. नावाचे आणि आठवणींचे वाचवावेत, आणि त्यातून एक बरा अ‍ॅम्प व तारांचा जादा संच घ्यावा. एंट्विसलला तो मिळाला असता, तर 'माय जनरेशन'मधला तो सोलो आज आपण हार्डबोर्डच्या बेसवर ऐकला असता.